एक ब्रास खडी

माझी थोरली मावशी माण तालुक्यातली. बहात्तरच्या दुष्काळात ती सरकारी कामावर खडी फोडायला जायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण 'ब्रास' हा शब्द तिच्या तोंडी कायमचा बसला होता. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट उंच. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. पुढे कित्येक वर्षांनी कुणाच्या बांधकामावर वाळूचा ढीग दिसला, तरी ती नुसत्या नजरेने मोजायची आणि म्हणायची, "पाऊण ब्राससुदीक न्हाई ही." ओव्हरसियर टेप घेऊन येणार असेल त्या दिवशी बायका आपल्या ढिगाजवळून हलत नसत. ढीग आतून पोकळ रचला तर माप फुगतं, टेप ओढून धरली तर माप आटतं; हातचलाखी दोन्हीकडे होती. मजुरी मापावर आणि मापाची वही ओव्हरसियरच्या काखेत. पोरांना कामावर सुकडी मिळायची, घरी अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी. ती गिळताना घशात अडकायची, हे मावशीने मला निदान पन्नास वेळा सांगितलं असेल.

त्या दुष्काळाच्या जेमतेम वर्ष-दीड वर्ष आधी पुण्यात वेगळंच मोजमाप चाललं होतं. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास जानेवारी १९७१ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'च्या लागोपाठच्या दोन अंकांत आला. त्यांची मोजपट्टी कॅलरीची. दिवसाला माणशी २,२५० कॅलरी पोटात जायच्या तर किती खर्च लागतो? १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात महिन्याला सुमारे १५ रुपये, शहरात साडेबावीस. या हिशेबाने खेड्यातली सुमारे ४० टक्के आणि शहरातली सुमारे ५० टक्के माणसं रेषेखाली निघाली. त्याहून बोचरा होता तो निष्कर्ष. नुसत्या आर्थिक वाढीने ही माणसं वर येणार नाहीत, आणि जमीन वाटून सगळ्यांना पुरेल एवढी ती नाहीच. उरतं ते काम: मागेल त्याला सरकारने मजुरीचं काम द्यावं. जमीनवाटपावर भिस्त ठेवणाऱ्या डाव्यांना हे रुचलं नाही आणि विकासदरावर विसंबलेल्यांनाही.

इथून पुढची गोष्ट विद्यापीठांच्या समारंभांत फार सरळ सांगितली जाते. प्राध्यापकांनी संशोधन केलं, सरकारने ते वाचलं आणि कायदा केला. तसं घडलं नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे साठच्या दशकातच तासगाव तालुक्यातल्या विसापूरला मजुरांना कामाची हमी देण्याचा प्रयोग करत होते. त्यांनी त्यासाठी कॅलरी मोजल्या नव्हत्या. शेतीचा हंगाम संपला की मजूर काय खातो, एवढं त्यांना माहीत होतं. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या काळात, १९७२ मध्ये, रोजगार हमीची योजना जाहीर झाली आणि लगेच दुष्काळाने तिला गिळलं. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसं होती. एवढी माणसं हातात घमेलं-फावडं घेऊन रस्त्यावर आल्यावर सरकारला कुठल्याच नियतकालिकाची गरज उरत नाही. मोर्चे निघाले, घेराव झाले. रोजगार हमीचा कायदा विधिमंडळाने १९७७ मध्ये केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता. भत्ता किती, तर दिवसाला किमान एक रुपया! आणि तोही हातात पडलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

पैशाची सोय मात्र कायद्याच्या आधीच झाली होती. महाराष्ट्रात ठरावीक मर्यादेवर पगार असणाऱ्याच्या पगारपत्रकात 'व्यवसाय कर' म्हणून दरमहा २०० रुपये कापले जातात, फेब्रुवारीत ३००. १९७५ चा हा कर रोजगार हमीसाठीच बसवला गेला. दारिद्र्यावर चर्चासत्रं घेणाऱ्या प्राध्यापकांच्या पगारातूनही तो कापला जातो. त्यांच्यातल्या किती जणांना तो कशासाठी आहे हे ठाऊक असेल, देव जाणे.

मग संशोधनाने केलं काय? माझ्या मते त्याचं खरं काम कायदा झाल्यावर सुरू झालं. कामावर नक्की येतं कोण, हे गोखले संस्थेतल्या कुमुदिनी दांडेकरांनी पाहिलं. येणारे बहुतेक जण दारिद्र्यरेषेखालचे निघाले, म्हणजे योजना पोचायची तिथे पोचत होती. आणि त्यांत बायका खूप होत्या. १९८३ मध्ये त्यांचं पुस्तक आलं ते रोजगार हमीकडे बायकांसाठीची रोजगारसंधी म्हणून पाहणारं. योजना आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढचा 'मजूर' बहुधा धोतर नेसलेला होता. पण उन्हाळ्यात घराजवळ काम, मालकाच्या मेहरबानीविना मजुरी आणि पुरुषाएवढाच दर, हे गणित बायकांनी कुणीही न शिकवता सोडवलं. कामावर पाळणाघर हवं, सावली हवी, पाणी हवं, हे नियम कागदावर नुसते असणं वेगळं आणि त्यांची गरज किती जणींना आहे हे आकड्यांत दिसणं वेगळं.

१९८८ मध्ये मजुरी किमान वेतनाएवढी झाली, जवळपास दुप्पट. खरं तर कामावर झुंबड उडायला हवी होती. हजेरी उलट घसरली. मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी या अर्थशास्त्रज्ञांनी आकडे तपासून दाखवलं की काम मागणारे कमी झाले नव्हते, काम देणारे हात आखडले होते. कायद्यातली हमी जिथल्या तिथे, पण मागेल त्याला काम मिळेनासं झालं. नवी कामंच काढायची नाहीत, की झालं. कायदा मोडल्याचा पुरावाही राहत नाही. गावात याची चाहूल आधीच लागलेली असते म्हणा. हजेरीपटावर भलतीच नावं दिसायला लागली तेव्हा 'रोजगार हमी, अर्धे तुम्ही अर्धे आम्ही' हे अख्ख्या महाराष्ट्राच्या तोंडी होतं. पण म्हण कोर्टात चालत नाही आणि विधानसभेत तिच्यावर लोक नुसते हसतात. आकडे मात्र पुढे जातात. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांनी त्याच बहात्तर-त्र्याहत्तरच्या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला होता आणि रोख मजुरीने भूकबळी कसे टळले हे मांडलं होतं. पुढे २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याच्या खटपटीत तेच द्रेझ पुढे होते. मावशीच्या ढिगाचा हिशेब असा तीस वर्षांनी दिल्लीला पोचला.

कॅलरीच्या त्या मोजपट्टीवर वादही झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. कृषी संख्याशास्त्रातलं मोठं नाव असलेल्या पां. वा. सुखात्म्यांचं म्हणणं असं, की माणसाची कॅलरीची गरज ठरावीक आकडा नसते. एकाच माणसाच्या शरीरात ती दिवसागणिक खालीवर होते, त्यामुळे सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक जण उपाशी धरला तर भुकेल्यांची संख्या फुगते. वि. म. दांडेकरांना हे पटलं नाही. दोघंही पुण्यातले, दोघंही आकड्यांतले मुरलेले. हा वाद मला फार मोलाचा वाटतो, कारण तो चव्हाट्यावर झाला, छापून झाला आणि कुणाच्या मर्जीसाठी झाला नाही.

याच दांडेकरांच्या समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक असमतोलावरचा अहवाल दिला आणि 'अनुशेष' हा शब्द महाराष्ट्राच्या राजकारणात रुजला. एकूण अनुशेष सुमारे ३,१८६ कोटींचा. त्यात विदर्भाचा वाटा ३९ टक्के आणि मराठवाड्याचा जवळपास २४. उरलेले ३७ टक्के बाकीच्या महाराष्ट्राचे होते, कारण समितीने प्रदेश न धरता जिल्हा धरून मोजलं होतं. ती ३७ टक्क्यांची गोष्ट भाषणांतून केव्हाच गळाली. सरकार आणि पुढारी आकडा उचलतात. तो कसा काढला हे मात्र अहवालातच पडून राहतं.

आता विद्यापीठांकडे योजनांच्या मूल्यमापनाची कामं रीतसर येतात. मुदत तीन महिन्यांची, प्रश्नावली खात्यानेच पाठवलेली, आणि प्रकाशनाचा कार्यक्रम कधी कधी निष्कर्षांच्या आधी ठरलेला. एम.ए.ची पोरं टॅब घेऊन गावात जातात, दुपारी चावडीसमोर दहा-वीस जणांना गाठतात आणि संध्याकाळच्या एसटीने परत येतात. टेप आता विद्यापीठाच्या हातात आहे खरी, पण वही पुन्हा ओव्हरसियरच्याच काखेत.

मी एकदा मावशीला विचारलं होतं, तुम्हाला तिकडे कुणी विचारायला आलं होतं का गं? तिला आठवलं. दुष्काळ सरून पाच-सहा वर्षं झाली होती, ती पाझर तलावाच्या कामावर होती. शहरातली एक बाई आली होती, चष्मेवाली, हातात वही. मजुरी किती, पोरं किती, घरी जमीन आहे का, सगळं विचारलं. बोलताना मावशी माती भरायची थांबली नाही, म्हणून ती बाई तिच्यासोबत बांधावरून खाली-वर करत राहिली. शेवटी मावशीनेच तिला विचारलं, "लिवून न्हेताय खरं, पर दाखिवणार कुणाला?"

त्या बाईने काय सांगितलं, ते मावशीला आठवत नव्हतं. तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता, तो मात्र आठवत होता.