पाठवणीचा दुसरा टेक

परवा एका लग्नात मुलगी पाठवणीच्या वेळी आईच्या गळ्यात पडून रडली. फोटोग्राफर म्हणाला, "ताई, उजेड नीट नव्हता, पुन्हा एकदा मिठी मारा." दोघी पुन्हा रडल्या. अल्बममध्ये मागचं सगळं धूसर, रंग सोनेरी, गालावरचा थेंब तेवढा लख्ख. सगळ्यांना तो फोटो 'भावपूर्ण' वाटला. मला मात्र काहीच वाटलं नाही. बघणाऱ्यासाठी त्यात काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

छायाचित्राने काळजाला हात घालावा ही अपेक्षा जुनी आहे. इंग्लिश छायाचित्रकार हेन्री पीच रॉबिन्सनने १८५८ मध्ये पाच निगेटिव्ह जोडून मृत्युपंथाला लागलेल्या मुलीचं दृश्य रचलं. पुढे ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉनची धूसर व्यक्तिचित्रं आली, पिक्टोरियलिस्ट मंडळींची धुक्यात बुडालेली छायाचित्रं आली. छायाचित्राला कला म्हणवून घ्यायचं तर त्याने चित्रासारखं दिसावं, ही समजूत त्या मंडळींत पक्की होती.

जून १९१७ मध्ये छायाचित्रकार-संपादक आल्फ्रेड स्टीग्लिट्झने आपल्या 'कॅमेरा वर्क' या नियतकालिकाच्या शेवटच्या अंकात तरुण छायाचित्रकार पॉल स्ट्रँडची छायाचित्रं छापली. त्यांत न्यूयॉर्कच्या रस्त्यावरची एक बाई आहे. गळ्यात पाटी, पाटीवर ठळक अक्षरांत 'अंध'. एक डोळा अर्धवट मिटलेला, दुसरा भलतीकडे वळलेला. मागे दगडी भिंत. धुकं नाही, अश्रू नाहीत.

इथे छायाचित्रणाने भावना सोडली आणि वस्तुस्थिती धरली, असं सर्रास सांगितलं जातं. मला हे साफ चुकीचं वाटतं. धूसर छायाचित्र बघणाऱ्याला आधीच सांगून टाकतं, की हळवं व्हा. स्ट्रँड काहीच सांगत नाही. ती पाटी आपण वाचतो, तिला ती वाचता येत नाही, हे आपल्या ध्यानात येतं आणि तिथे आपण अडकतो. रसमीमांसक अभिनवगुप्तांनी रस सहृदयाच्या, म्हणजे जाणत्या प्रेक्षकाच्या, ठायी मानला. नटाच्या डोळ्यांतलं पाणी हा फक्त अनुभाव, भावनेची बाहेर दिसणारी खूण. स्ट्रँडने भावना सोडली नाही, ती कागदावरून उचलून बघणाऱ्याच्या हवाली केली. आज धूसरपणा फोनमधल्या एका बटणावर आला आहे, म्हणून हा फरक पुन्हा सांगावा लागतो.

हे छायाचित्र त्या बाईच्या नकळत घेतलेलं आहे. स्ट्रँड त्या काळात समोरच्याला कळू नये अशी युक्ती केलेला कॅमेरा वापरत असे. ही गोष्ट मला सलते. छायाचित्र थोर ठरलं म्हणून ती सल कमी होत नाही. पण काहीही पुसट न केल्यामुळे तिच्या छातीवरचा फेरीवाल्यांच्या परवान्याचा बिल्लाही स्पष्ट दिसतो. छायाचित्राच्या शीर्षकात तिचं नाव नाही. बिल्ल्यावरचा आकडा वाचता येतो: २६२२.