मोबदला घेणारी दया

बेल्जियममधील घेल गांवीं, मनोरुग्णांची कैवारी मानलेल्या संत डिम्फ्ना हिच्या कॅथॉलिक चर्चमध्यें मध्ययुगापासून वेडे यात्रेस येत. चर्चलगतची जागा अपुरी पडूं लागली, तेव्हां गांवकऱ्यांनीं त्यांस घरींच ठेवून घेतलें. १९३८ सालीं असे ३,५०० हून अधिक पाहुणे तेथें होते.

यजमानांस याबद्दल पैसे मिळतात, मग ही दया कसली, असें कोणी म्हणेल. परिचारिकाही वेतन घेतेच! पैशानें ताटांतलें अन्न येतें. पण वेड्यास पंक्तीला घेणें, त्याच्याजवळ आपलें मूल निःशंक सोडणें, याचा दर कोणी ठरवावा? बहिणीच्या लग्नाची बोलणीं चालू असतां भ्रमिष्ट भावास माडीवर कोंडणारे आम्ही सुशिक्षित. आम्हीं त्या गांवकऱ्यांस कोणत्या तोंडानें नांवें ठेवावीं?