कोठारांतील लग्न व खरा साधेपणा

साधेपणा हा सद्गुण आहे असें आपण सर्वच म्हणतों. परंतु साधेपणा विकत घेतां येतो काय, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतों. अमेरिकेंत अलीकडे लग्नाची जी एक नवी रीत पसरली आहे, तिच्या निमित्तानें हा प्रश्न वाचकांपुढें ठेवावा असें वाटतें. रीत दूर देशची आहे खरी. पण तिचा विचार करीत गेल्यास आपल्याला आपल्याच अंगणापर्यंत यावें लागतें.

त्या देशांतील जुन्या शेतावर लांकडी फळ्यांचें, उंच छपराचें एक प्रशस्त कोठार असे. पेनसिल्व्हेनिया राज्यांत अशीं कोठारें आजही पाहावयास मिळतात. खालच्या भागांत गुरें व घोडे, वर दोन्ही अंगांस वाळलेला चारा, आणि त्यांच्या मधोमध मळणीची रुंद जागा, अशी त्यांची रचना असते. हिवाळ्यांत बर्फ पडतें, तेव्हां सगळें काम छपराखालींच व्हावें, हा त्यांतील हेतु. आपण ज्यांस गोठा, कोठी आणि खळें म्हणतों, तीं तिन्हीं तेथें एकाच घरांत नांदत. आतां अशा कोठारांत लग्नें लागतात, आणि त्यांसाठीं शरद ऋतूची निवड करितात. त्या दिवसांत मेपल वृक्षांच्या पानांतील हिरवें द्रव्य ओसरूं लागतें व पिवळे, नारिंगी, तांबडे रंग दिसूं लागतात; मक्याची कापणी चालू असते; तांबडे भोपळे शेतांत पिकून पडलेले असतात. वधूवरांची इच्छा अशी असते कीं, समारंभ खेडवळ दिसावा, परंतु आधुनिक सोयींत कांहीं उणें पडूं नये.

या दोन इच्छा एकत्र नांदविणें सोपें नाहीं. कोठार गुरांसाठीं बांधलेलें. तेथें माणसांची सोय नसते. शरदांतील रात्री थंड, म्हणून ऊब देणारीं यंत्रें आणावीं लागतात. शौचालयें गाड्यांवर घालून भाड्यानें येतात. पाऊस पडला तर मोटारी चिखलांत रुततील, म्हणून त्याचीही तजवीज हवी. वाळलेल्या लांकडाच्या इमारतींत शेंकडों माणसें जमणार, तर बाहेर पडण्यास पुरेसे दरवाजे हवेत, आगीपासून संरक्षण हवें, आणि मेणबत्त्यांच्या जागीं विजेचे दिवे हवेत. एवढें झाल्यावर मेजांवर गोणपाटाच्या पट्ट्या अंथरितात, आणि काचेच्या बरण्यांत रानफुलें ठेवितात.

या बरण्यांचाच विचार करा. जॉन लँडिस मेसन नांवाच्या एका कारागिरानें १८५८ सालीं फिरकीच्या झांकणाच्या बरणीचा हक्क नोंदविला. तिच्यामुळें शेतकऱ्याच्या बायकोला उन्हाळ्यांतील फळें व भाज्या हिवाळ्यासाठीं टिकवून ठेवतां येऊं लागल्या. ती बरणी पोटाच्या काळजींतून घरोघरीं गेली. गोणपाटाची गोष्टही तशीच. तो ताग मुख्यतः बंगालच्या भूमींत पिकला. कलकत्त्याजवळ रिश्रा येथें १८५५ सालीं तागाची गिरणी उभी राहिली, आणि पुढें जगाचें धान्य अशा पोत्यांत भरलें गेलें. हमालाच्या पाठीवरील तें वस्त्र आज मेजावरील शोभा झालें आहे. कष्टाच्या वस्तूंतून कष्ट काढून घेतले म्हणजे त्या सुंदर दिसूं लागतात, हें यांतील मर्म होय.

हें सर्व ऐकून हंसूं येणें स्वाभाविक आहे. फ्रान्सच्या इतिहासांत याचें एक जुनें उदाहरणही आहे. मारी आंत्वानेत राणीनें १७८३ सालापासून व्हर्साय येथील आपल्या उद्यानांत एक लहानसें खेडें बांधविलें. तेथें गवती छपरांचीं घरें होतीं, गाई होत्या, दूधघर होतें; घरें जुनीं दिसावीं म्हणून भिंतींवर मुद्दाम भेगाही रंगविल्या होत्या. आंत मात्र राजवैभवाचें सामान होतें. खऱ्या खेड्यांतील भिंतींना ज्या भेगा पडत, त्या रंगवाव्या लागत नसत. १७८९ सालीं राज्यक्रांति झाली, आणि त्या चित्रांतील खेड्याला खऱ्या खेड्यांची गांठ पडली.

तथापि, हंसून मोकळें होणें म्हणजे न्याय करणें नव्हे. दुसरी बाजूही ऐकून घेतली पाहिजे. अमेरिकेंत १९३५ च्या सुमारास सुमारें ६८ लक्ष शेतें होतीं. २०२२ च्या शेतकी गणनेंत तीं सुमारें १९ लक्षच उरलीं. घोड्यांची जागा ट्रॅक्टरनें घेतली, मोठीं यंत्रें जुन्या दारांतून आंत जाईनात, पत्र्यांच्या शेडी उभ्या राहिल्या, आणि जुनीं कोठारें ओस पडलीं. छपराला एकदां गळती लागली कीं तुळया कुजतात, आणि थोड्याच वर्षांत इमारत बसते. अशा वेळीं लग्नाच्या भाड्यानें एखाद्या शेतकरी कुटुंबानें छप्पर शाकारून घेतलें व जमीन राखली, तर त्यांत वाईट काय आहे? जीं तरुण माणसें तेथें लग्नास येतात, त्यांपैकीं कित्येकांचे पणजोबा अशाच कोठारांत राबले असतील. तुटलेला धागा हातीं धरावा असें त्यांना वाटलें, तर ती ओढ खोटी आहे असें कोणीं म्हणावें? शिवाय आनंदाच्या दिवशीं हात आंखडणें हाच धर्म, असें शास्त्रही सांगत नाहीं. काना गांवच्या लग्नांत द्राक्षारस सरला, तेव्हां येशूनें यजमानास काटकसरीचा उपदेश केला नाहीं. त्यानें उणें होतें तें भरून काढिलें.

मग खरा साधेपणा ओळखावा कसा? त्याच पेनसिल्व्हेनिया राज्यांत, लँकेस्टर परगण्यांत, आमिश पंथाचे शेतकरी राहतात. त्यांचींही लग्नें परंपरेनें शरद ऋतूंतच, पिकें घरांत आल्यावर, बहुधा मंगळवारीं किंवा गुरुवारीं होतात. उपासना सुमारें तीन तास चालते. अंगठी नाहीं, फुलांचे गुच्छ नाहींत, छायाचित्रें नाहींत. वधूचा पोषाख बहुधा निळा असतो. तो ती स्वतः शिवते व पुढें उपासनेच्या दिवशीं वापरते. भोजनांत कोंबडीचें मांस, बटाटे व सेलरी नांवाची भाजी असते. ज्या घरीं लग्न व्हावयाचें त्या घरीं ही भाजी त्या वर्षीं अधिक लावितात, आणि तिचेच देंठ बरण्यांत उभे करून मेजावर ठेवितात. स्वयंपाक नातेवाईक व शेजारी करितात. दुसऱ्या दिवशीं सकाळीं नवें जोडपें वधूच्या माहेरींच असतें, आणि तेथील धुणेंभांडीं व आवराआवर करण्यास हातभार लावितें.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. हें लग्न लहान नसतें; पाहुणे दोनशें ते चारशें असतात. तें फुकटही होत नाहीं. म्हणजे पाहुण्यांची संख्या किंवा जेवणाचें प्रमाण यांवरून साधेपणा मोजतां येत नाहीं. तो वस्तूंच्या रूपावरूनही कळत नाहीं, कारण बरणी दोन्ही मेजांवर आहे. भेद आहे तो निराळ्याच ठिकाणीं. एका मेजावरील बरणी कालही घरांत होती व उद्यांही लागणार आहे. दुसऱ्या मेजावरील बरणी एका रात्रीसाठीं खेडवळ झाली आहे. एका ठिकाणीं ज्यांनीं स्वयंपाक केला तेच पंगतीस बसतात. दुसऱ्या ठिकाणीं काम करणारे निराळे व जेवणारे निराळे. वस्तु आपल्या रोजच्या जीवनांतून सहज आली, म्हणजे ती साधी. जीवन एक असून वस्तु दुसरेंच कांहीं सांगूं लागली, म्हणजे तो देखावा.

यावर कोणी विचारील कीं, शहरांत नोकरी करणाऱ्या मुलीनें सेलरी कोठें लावावी? तिचे शेजारी तिला नांवानेंही ओळखत नाहींत. ते चारशें माणसांचा स्वयंपाक कसा करतील? हा आक्षेप योग्य आहे. ज्या समाजानें आमिश लोकांचा साधेपणा टिकविला, त्याच समाजाची शिस्तही कडक आहे, आणि तिच्या मर्यादेबाहेर जाणाऱ्यास ती जड वाटते. त्यांचा पोषाख घालून त्यांचें जीवन आपल्याला मिळणार नाहीं. म्हणून शहरांतील वधूवरांनीं त्यांचें अनुकरण करावें, असें आमचें म्हणणें नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, हौसेला हौस म्हणावें. हौस हें पाप नव्हे. कोठार आवडलें, पानांचे रंग आवडले, ऐपत आहे, मजुरांना पूर्ण दाम दिलें, तर आनंद करावा. परंतु त्याच हौसेला साधेपणाचें नांव दिलें, म्हणजे दोन अपराध घडतात. एक तर आपण स्वतःला फसवितों, कारण त्याग न करितां त्यागाचें समाधान घेतों. दुसरें असें कीं, ज्याच्या घरीं साधेपणा नाइलाजानें आलेला आहे, त्याच्या दारिद्र्याचा आपण शृंगार करितों.

हा दुसरा अपराध आपल्या देशांतही शिरला आहे. आज महाराष्ट्रांतील शहरांभोवतीं शेतघरें लग्नासाठीं भाड्यानें मिळतात. तेथें सजविलेली बैलगाडी असते, शेणानें सारवलेलें अंगण असतें, मातीचीं भांडीं असतात. आणि त्याच वेळीं, ज्या कुटुंबाचें खरोखरीचें अंगण आहे, खळें आहे, दारीं बैलजोडी आहे, तें कुटुंब त्या अंगणांत मुलीचें लग्न लावण्यास लाजतें. ‘लोक काय म्हणतील’ या भयानें तें तालुक्याच्या गांवीं कार्यालय घेतें, मंडप, दिवे, वाजंत्री ठरवितें, आणि पुढील दोन हंगामांचें पीक सावकाराच्या नांवें लिहून देतें. ज्याच्यापाशीं अंगण नाहीं तो तें भाड्यानें घेतो. ज्याच्यापाशीं आहे तो त्याला पाठ फिरवितो. पहिल्याची हौस फिटते, दुसऱ्याचें रान जातें. देखाव्याचें खरें मोल कोण देतो, तें येथें दिसून येतें.

जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापिला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुरोहितावांचून व अल्प खर्चांत विवाह लावून दाखविला. तो साधेपणा डोळ्यांना सुंदर दिसावा म्हणून नव्हता. गरीब माणसाची मान पुरोहिताच्या दक्षिणेंतून व ऋणांतून सुटावी म्हणून होता. खरा साधेपणा कोणाला तरी मोकळें करितो, ही त्याची मोठी खूण होय.

म्हणून ज्यांच्या घरीं येत्या हंगामांत कार्य निघावयाचें आहे, त्यांनीं घरांतील वडील मंडळींसह बसून तीन गोष्टींचा विचार करावा. जें आणणार आहों, त्यांतील काय दुसऱ्या दिवशींही उपयोगी पडेल? या समारंभानें कोण थकणार आहे, आणि तो पंगतीस बसणार आहे काय? आणि खर्चाचा आंकडा पाहुण्यांसमोर मोठ्यानें सांगण्याची पाळी आली, तर आपली मान खालीं जाईल काय? या प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक असतील, तर लग्न कोठारांत होवो, कार्यालयांत होवो, कीं अंगणांत होवो, चिंता नाहीं. नसतील, तर अद्याप वेळ आहे. मंडपाचें विसार देण्यापूर्वीं अंगण एकदां झाडून, सारवून पाहावें. रूथ व बवाज यांच्या संसाराची बोलणी एका खळ्यावरच झाली होती. तें खळें कोणीं सजविलें नव्हतें; जव नुकताच उपणून झाला होता, आणि शेताचा धनी राशीच्या कडेला निजला होता.