राखणीचे मोल

सोयाबीन दोन पानांवर आले की परभणी जिल्ह्यातल्या मानवतच्या शिवारात बांधांवर साड्या चढतात. विटक्या, फाटक्या, काठ्यांना ताणून बांधलेल्या. वाऱ्यावर फडफडल्या की हरणे बिचकतात. पण चार-आठ दिवसच. मग साडीचीही सवय होते आणि एखाद्या पहाटे तासच्या तास खुडलेले दिसते. दळे गेलेली, मातीतून नुसती देठे वर आलेली. त्या देठाला पुन्हा फूट येत नाही. दुबार पेरणीचे बियाणे, मजुरी आणि हुकलेली वाफ, सारे ज्याचे त्याने सोसायचे.

ही हरणे म्हणजे बहुतेक काळवीट. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला बसवले. वाघाला निदान जंगल आहे. परभणी जिल्ह्यात ते नावापुरते. माळ नांगराखाली गेले, जायकवाडीच्या डाव्या कालव्याने कोरडवाहू भाग बागायती केला, गायराने आक्रसली. काळविटांसाठी म्हणून राखलेले कर्जतजवळचे रेहेकुरी अभयारण्यही सव्वादोन चौरस किलोमीटरच्या आतलेच. तेव्हा मराठवाड्यातला काळवीट जगतो तो शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर. ज्याने पीक राखायचे, त्याच्याच शेतात पीक खाणारा प्राणीही राखला जातो आहे.

या दुसऱ्या राखणीची सरकारदरबारी नोंद नाही. नोंद होते ती नुकसानीची: अर्ज, पंचनामा, मग वाट पाहणे. रक्कम अपुरी की वेळेवर नाही, हा वाद नेहमीचाच. माझा आक्षेप त्याच्याही आधीचा आहे. या हिशेबात हरीण फक्त खर्चाच्या रकान्यात येते. ते शिवारात असण्याने शेतकऱ्याला काहीच मिळत नाही, नसण्यानेच मिळते. रोही आणि रानडुक्कर यांच्याबाबत २०१५ साली राज्याने परवानगीने मारण्याची वाट मोकळी केली. काळविटाला ती वाट नाही, नसावीही. मग उरते काय? साडी, झटका मशीन आणि मनातली अढी.

स्वीडनने हा हिशेब उलटा मांडून पाहिला. उत्तरेकडचे सामी लोक रेनडियर पाळतात. वूल्व्हरीन आणि लिंक्स हे शिकारी प्राणी त्या रेनडियरना मारून खातात. पूर्वी मेलेल्या रेनडियरमागे पैसे मिळत. १९९६ पासून पैसे मिळू लागले ते शिकारी प्राण्यांच्या वावरावर. सामी समूहाच्या चराईक्षेत्रात वूल्व्हरीनची मादी व्याली, की एका विणीमागे दोन लाख क्रोनर. रेनडियर किती गेले, हे कुणी विचारत नाही. पैसा समूहाकडे जातो, वाटप तोच ठरवतो. नुकसान टाळले तर फायदा त्यांचा. पिलांची गुहा शाबूत राहिली तरीही फायदा त्यांचाच. २००२ ते २०१२ या काळात तिथे वूल्व्हरीनच्या विणींची संख्या दुपटीच्या वर गेली. स्वीडन म्हणजे नंदनवन नव्हे. लांडग्यांच्या शिकारीवरून तिथेही गावे आणि शहरे भांडतात. पण या एका बाबतीत त्यांनी योग्य ठिकाणी बोट ठेवले.

इथे कुणी म्हणेल, गुहा मोजता येते, कळप कसा मोजणार? आज या शेतात, उद्या बांधापलीकडे. शंका रास्त आहे. म्हणूनच मोजदाद शेताची नव्हे, शिवाराची हवी आणि पैसा गावाला हवा. २००२च्या जैवविविधता कायद्याने ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती सांगितलेलीच आहे. बऱ्याच गावांत ती कागदावरच राहिली. उन्हाळ्यात पाणवठे थोडे उरतात, तेव्हा वनरक्षक आणि गावकऱ्यांनी मिळून कळप मोजावेत. त्यानुसार दरवर्षी ठरलेली रक्कम गावाला मिळावी. त्यातून कुणाचे कुंपण व्हावे, कुणाच्या दुबार पेरणीला हातभार लागावा, किंवा गायरानाचा तुकडा गवताला सोडावा, हे गावाने ठरवावे. समितीत पुढाऱ्यांचीच माणसे बसतील हा धोका आहेच. म्हणून वाटपाची यादी ग्रामसभेत वाचली जावी.

यामुळे हरणे सोयाबीन खायची थांबणार नाहीत. पुढच्या पावसाळ्यातही बांधांवर साड्या चढतील. मात्र पहाटे खुडलेले तास पाहणाऱ्या माणसाला एवढे तरी ठाऊक असेल, की आपण करतो त्यातल्या दोन्ही राखणींची कुठेतरी मजुरी धरलेली आहे.