मशीन चालू झालं म्हणतोस?

उभा राहा. मान वर कर, माझ्याकडे बघ. प्रेसवाले काका आत्ताच इथून गेले. तुझी तक्रार करायला आले नव्हते ते. "पोरगं हुशार आहे हो, दीड दिवसात मशीन चालू करून दिलं," असंच म्हणाले. मग चहा संपवता संपवता विचारलं, "सर, ते पत्रिकांचं फोल्डर आता कुठं दिसेल?" ते फोल्डर आता कुठंच दिसणार नाही, हे त्या माणसाला मला सांगावं लागलं. ते काही बोलले नाहीत. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बराच वेळ बसून राहिले.

आणि तू मला काय सांगतोस? "सर, बोर्ड बदलल्यावर डेटा जातो कधी कधी." हे वाक्य पुन्हा माझ्या वर्गात ऐकू येता कामा नये. बोर्डात डेटा नसतो. बोर्डवर बायोसची चिप असते, तारीख-वेळ सांभाळणारा सीआर२०३२ चा सेल असतो. काकांच्या पत्रिका, अंकाची पानं, उधारीची वही, सगळं एसएसडीत होतं. बोर्ड जळला तरी त्यातलं एक अक्षर हललं नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी तू स्क्रू काढलेस तेव्हा अकरा वर्षांचं काम सुखरूप होतं. शनिवारी दुपारी ते गेलं. बोर्डनं नाही घालवलं. तू घालवलंस.

नवा बोर्ड बसवण्याचं काम तू चोख केलंस, तेही सांगतो. स्टँडऑफ जागच्या जागी, पेस्ट बेताची, प्रोसेसरची आठ पिनांची पॉवर केबल विसरला नाहीस. हात चांगला आहे तुझा, म्हणून तर राग येतो. मशीन चालू केलंस आणि निळा पडदा आला. बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. इथं तुझं डोकं चालायला हवं होतं, ते थांबलं आणि हात चालू राहिला.

तो पडदा म्हणजे बिघाड नव्हता रे! कुलूप शाबूत असल्याची ती खूण होती. विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती २०२४ साली आली. तेव्हापासून कोऱ्या डिस्कवर विंडोज टाकून मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन केलं की असेंबल केलेल्या साध्या पीसीवरसुद्धा डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. मालकाला त्याचा पत्ताही नसतो. कुलूप उघडायची सोय टीपीएममध्ये असते आणि टीपीएमचं नातं त्या बोर्डशी असतं. बोर्ड बदलला की विंडोज म्हणतं, मी या घराला ओळखत नाही, मालकाची किल्ली दाखवा. हे मी फळ्यावर आकृती काढून शिकवलंय. तू पहिल्या बाकावर होतास.

किल्ली कुठं होती? काकांच्या मुलाच्या खात्यात. गेल्या वर्षी विंडोज टाकताना त्यानंच स्वतःचा ईमेल घातला होता. तो नोकरीला बाहेरगावी असतो, पण फोन उचलतो. मी आज दुपारी केला, तिसऱ्या रिंगला उचलला. खातं उघडून त्यानं मला किल्ल्या वाचून दाखवल्या, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. एक सी ड्राईव्हची, एक डी ड्राईव्हची. दोन्ही जागच्या जागी. ज्या घरांच्या त्या किल्ल्या, ती घरंच तू पाडून ठेवलीस. आणि हे सगळं कुठं शोधायचं, तो पत्ता त्याच निळ्या पडद्यावर छापलेला असतो. की आयडीसुद्धा असतो, कुठली किल्ली चालेल ते जुळवून बघायला. तू पडदा वाचलाच नाहीस.

तू पेनड्राईव्ह लावलास. इन्स्टॉलरनं पार्टिशनांची यादी दाखवली. एकेक निवडून डिलीट केलंस. दर वेळी त्यानं बजावलं असेल की यात महत्त्वाच्या फायली असू शकतात. दर वेळी तू ओके दाबलंस. निदान डी ड्राईव्हला हात लावला नसतास, तर सगळे पत्रिकांचे नमुने आज दुसऱ्या किल्लीनं उघडले असते. "ती पण लॉक दिसत होती सर." लॉक दिसली म्हणून पाडली? कपाटाची किल्ली सापडत नाही म्हणून कपाट कुणी पेटवतं का?

आता रिकव्हरी सॉफ्टवेअरचं नाव काढू नकोस. जुनी फिरती हार्ड डिस्क असती तर काहीतरी पदरात पडलं असतं. एसएसडीत फॉरमॅट करताना विंडोज ट्रिमचा हुकूम पाठवतं आणि त्या जागा डिस्क स्वतःच साफ करायला घेते. त्यात मूळचं सगळं एन्क्रिप्ट केलेलं. तरी मी काल रात्री अडीचपर्यंत बसलो होतो. एकही फाईल उघडली नाही.

गेल्या वर्षी तुझ्याआधीच्या तुकडीतल्या एकानं असाच घोळ घातला होता. बोर्ड बदलला, विंडोज सुरू होताना 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाईस' आलं. जुन्या बोर्डात साटा मोड रेडवर होता, नव्यात एएचसीआय. बायोसमध्ये तेवढी एक ओळ बदलायची, मशीन सुरू. त्याऐवजी तो "विंडोज करप्ट झालंय" असं ठरवून मोकळा झाला आणि फॉरमॅट करायला बसला. मी हात धरला म्हणून वाचलं. तसंच डिस्क जुनी एमबीआरची आणि नवा बोर्ड नुसता यूईएफआयवाला, की बूटच होत नाही. तेव्हाही डेटा आत बसलेलाच असतो. 'इनिशियलाईज डिस्क' विचारलं तर नाही म्हणायचं. 'फॉरमॅट करायचं का' विचारलं तरी नाही म्हणायचं. ज्याच्या मनात जरा शंका आहे त्यानं हात खिशात घालावे आणि मला फोन करावा. रात्री बारालाही करा.

आणि मुळात एसएसडी मशीनमध्ये ठेवून काम सुरू केलंसच का? ती आधी काढायची, त्यावर मालकाचं नाव लिहायचं, यूएसबी एन्क्लोजरमध्ये घालून दुसऱ्या डिस्कवर जशीच्या तशी क्लोन करायची. कुलूपबंद असली तरी क्लोन होते. मग नवा बोर्ड बसवायचा. एक तास जास्त लागतो. काका काय तासाच्या बोलीवर थांबले होते? बोर्ड जिवंत असताना बदलायचा असेल तर आणखी सोपं, एन्क्रिप्शन आधीच बंद करायचं, किल्ली कागदावर उतरवून घ्यायची. पॉवर सप्लाय बदलताना जुन्या मॉड्युलर केबली नव्याला लावायच्या नाहीत, कनेक्टर बसतो पण पिनांचा क्रम वेगळा असू शकतो. डिस्क तिथल्या तिथं जळते. काही लॅपटॉपांत स्टोरेज बोर्डलाच सोल्डर केलेलं असतं, तिथं बोर्ड गेला की खरंच डेटा गेला. ते मशीन हातात घेण्याआधीच मालकाला सांगायचं. तुझ्यासमोर तसं काही नव्हतं. तुझ्यासमोर सुटी एसएसडी होती, एका स्क्रूवर बसवलेली.

जॉब कार्ड दाखव. हे बघ. नाव, मोबाईल नंबर, 'बोर्ड डेड'. खाली 'डेटा' लिहिलेला रकाना कोरा. 'बॅकअप आहे का' कोरा. 'मालकाची सही' कोरी. हे रकाने मी शोभेला छापले नाहीत. तू विचारलं असतंस, "काका, यात काय आहे?" तर त्यांनी सांगितलं असतं. तालुक्यातल्या निम्म्या घरांच्या लग्नपत्रिका त्यात होत्या. मेलेल्या माणसांच्या दहाव्याच्या पत्रिका होत्या, त्यांचे फोटो होते, काही घरांत तेवढाच एक फोटो. आणि यंदाचा दिवाळी अंक होता, श्रीलिपीत टाइप करून पेजमेकरमध्ये लावलेला. कार्ड भरायला तुला दोन मिनिटं जड झाली.

नव्या बोर्डचे पैसे काकांना परत दिलेत मी, ते तुझ्या हातून फेडून घेईन. रडू नको, बस आता आणि ऐक. दिवाळी अंकाची पहिली प्रुफं कागदावर छापलेली आहेत, चौसष्ट पानं, काकांच्या हातच्या दुरुस्त्यांसकट. उद्यापासून क्लास सुटला की रोज प्रेसवर जायचं आणि ती टाइप करायची. मराठी टायपिंग येत नाही? काका शिकवतील, मी विचारलंय त्यांना. सहाला शटर उघडं ठेवतो म्हणाले. जाताना दोन रिकाम्या डिस्क घेऊन जा, एक त्यांच्या टेबलाला आणि एक घरी ठेवायला. रोज उठताना दोन्हींवर कॉपी करायची आणि कार्डावर तारीख घालून त्यांची सही घ्यायची. शनिवारी मला कार्ड दाखवायचं.