वर्तणूक : चांगली

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा एक रकाना असतो. वीस वर्षांत मी त्यात ‘चांगली’खेरीज दुसरा शब्द लिहिल्याचे आठवत नाही. बाके मोडणाऱ्याची वर्तणूक चांगली, आणि उपाशी सोबत्याला आपला डबा देणाऱ्याचीही चांगलीच! त्या रकान्याची आठवण गेल्या पावसाळ्यात उल्हासनगरच्या एका रुग्णालयात झाली.

आई तिथे अकरा दिवस होती. अंबरनाथला घरी निघताना हाती एक छापील कागद आला : परिचारिकांची वागणूक उत्तम, बरी की वाईट? मी ‘उत्तम’वर खूण केली. ते खोटे नव्हते. कूस बदलताना सिस्टर आईला “आजी, आता वळायचं हं” असे सांगत. सुईआधी हात कुरवाळीत. पण शेजारच्या खाटेवर बदलापूरची एक म्हातारी होती. अर्धांगाने तिची वाचा गेलेली. भेटायला कोणी येत नसे. त्याच सिस्टर तिची चादर मुक्याने, हिसक्यानेच ओढीत. तीस खाटा आणि दोघीजणी. त्यांना दोष तरी किती द्यावा? पण त्या म्हातारीचा कागद कोण भरणार होते?

मग परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील अरुणा शानबाग आठवल्या. त्या तिथल्याच परिचारिका. नोव्हेंबर १९७३ मध्ये त्यांच्यावर पाशवी हल्ला झाला, आणि मे २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या अंथरुणाला खिळून राहिल्या. त्यांनी कोणाला गुण दिले नाहीत. देणे शक्यच नव्हते. तरीही त्यांच्या दयामरणाच्या अर्जावरील २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात एक नोंद आहे : सदतीस वर्षांत अंगावर एकही शय्याव्रण नाही. अंथरुणाची अशी जखम टाळायची, तर साधारण दर दोन तासांनी रोग्याची कूस बदलावी लागते. रात्रीही, कोणी पाहत नसतानाही. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, पण हात थांबले नाहीत.

म्हणजे वागणूक मोजता येते तर! मात्र आभार मानू शकणाऱ्यांच्या खाटेपाशी नव्हे. जिथून उलट उत्तर येत नाही, तिथे ती मोजावी.

आणि हे माप एकट्या सिस्टरलाच का लावावे? अकरा दिवस मी त्या म्हातारीपासून चार हातांवर बसले होते. तिचे नाव मीही विचारले नाही.