नळीतला उंदीर

अंधेरीला विरार लोकलमध्ये चेंगरलो की मला प्रयोगशाळेतला नर उंदीर आठवतो. ताणाचा परिणाम बघायला त्याला रोज काही तास अरुंद नळीत डांबतात, आठवडेच्या आठवडे. रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन चढतं, मेंदूकडून वृषणांना जाणारा हुकूम मंदावतो, टेस्टोस्टेरॉन आणि शुक्राणू घटतात. आधी जीव, वंश नंतर. शरीराचा हिशोब रोखठोक असतो.

प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या कायद्यानेही अशा प्रयोगांना वाट ठेवली आहे, ज्ञान उपयोगी पडतं म्हणून. पण ते वापरायचंच नसेल तर ही परवानगी मला पोकळ वाटते. आमच्या बोरिवलीत मूल होत नाही म्हटलं की आधी सुनेच्या तपासण्या, सोनोग्राफी, नवस. मुलाची साधी वीर्यतपासणी शेवटी, तीही बायकोने चारदा सांगितल्यावर.